पेडल जडच हवं

कात्रजच्या जुन्या घाटात, मोठ्या वळणातून बाहेर पडल्यावर मेहजबीनने तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाचा आवाज चढत गेला, गाडी मात्र त्या आवाजाबरोबर जाईना. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर वर चढत होता आणि गाडी तिथल्या तिथे रेंगाळत होती. मागून दुधाचा एक टेम्पो आला, त्याने हॉर्न दिला आणि आरामात ओव्हरटेक करून निघून गेला. मग केबिनमध्ये वास शिरला, जळक्या चपलेसारखा, घशात बसणारा.

दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारला असता. मेहजबीनने गाडी कडेला घेतली, काच खाली केली आणि एकटीच हसली. क्लच घसरत होता. म्हणजे इंजिन आता इतकं तगडं झालं होतं की जुन्या क्लचला ते आवरत नव्हतं. सहा महिने रविवारचे रविवार गॅरेजमध्ये घालवून बसवलेला, इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो फुकट गेला नव्हता.

गाडी तशी अगदी साधी. पांढरी, जुनी, पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक. विकायला काढली असती तर शेजाऱ्यांनीही भाव विचारला नसता. पण मेहजबीनला ती चढाच्या शर्यतीत उतरवायची होती. येवलेवाडीच्या पुढे, बंद पडलेल्या एका खाणीच्या खासगी रस्त्यावर, शहरातला एक मोटार क्लब दरवर्षी ही शर्यत भरवायचा. दोन वर्षं तिने ती दोरीबाहेर उभी राहून पाहिली होती. यंदा तिला दोरीच्या आत जायचं होतं.

मेहजबीन नाना पेठेत वाढली. वडिलांचं, कासिमभाईंचं, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान तिथेच. ते आजोबांनी सुरू केलेलं. शाळेतून आली की ती दुकानातल्या खोक्यांवर बसून गृहपाठ करायची, त्यामुळे पाढ्यांबरोबरच तिला बेअरिंगचे नंबरही पाठ झाले. पुढे इंजिनिअर झाली. आता हिंजवडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकच्या सॉफ्टवेअरची चाचणी घ्यायचं काम करत होती. चाळिशी जवळ आली होती. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल बोलणं आता नातेवाइकांनीही सोडून दिलं होतं.

एक विषय मात्र कुणीच सोडलेला नव्हता, तो म्हणजे तिचा डावा पाय. तिसरीत असताना मालवाहू टेम्पोचं चाक तिच्या पावलावरून गेलं होतं. डॉक्टरांनी पाऊल वाचवलं, पण घोट्याची हाडं एकमेकांना जोडून टाकावी लागली. तेव्हापासून तो घोटा हलत नाही. चालताना ती किंचित कलते, पायऱ्या उतरताना डावा पाय सरळ टाकते. बाकी काही नाही. पण लोकांची नजर त्या पायावर गेली की तिथून पुढे सरकतच नसे. “ऑटोमॅटिक घे ना,” मामा म्हणायचे. “मॅडम, ऑटोमॅटिक का नाही घेत?” ऑफिसातली पोरं विचारायची. सोसायटीच्या वॉचमननेसुद्धा एकदा हा सल्ला दिला होता. खरं सांगायचं तर गिअरची गाडी ती शिकली, ती याच सल्ल्याचा राग येऊन. आणि शिकल्यावर तिला त्या गाडीची गोडीच लागली.

घाटातून ती तशीच हळूहळू परत फिरली आणि धायरीत यज्ञेश्वर आपट्यांच्या गॅरेजमध्ये आली. आपटेकाका साठीच्या आसपासचे. हात कायम काळे, चष्मा कायम कपाळावर. जुन्या गाड्यांची इंजिनं नव्याने बांधण्यात त्यांचा हातखंडा होता, आणि समोरच्याला दोन वाक्यांत गप्प करण्यातही.

“वास आला?” त्यांनी विचारलं.

“आला.”

“कसला?”

“क्लचचा.”

“मग निदान झालंच आहे. माझ्याकडे कशाला आलीस?”

“औषध ठरवायला.”

काका हसले नाहीत, पण त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी खातिरदारी.

क्लचचं काम तसं समजायला सोपं. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिला चिकटून एक प्लेट असते, जी गिअरकडे आणि तिथून चाकांकडे फिरण्याचा जोर नेते. मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या ताकदीने या प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पाय दिला की ही पकड सुटते, पाय उचलला की पुन्हा धरते. इंजिनाचा पीळ, म्हणजेच टॉर्क, वाढला की तीच पकड अपुरी पडते. मग पकड वाढवायची कशी? एक तर प्लेट मोठी घ्यायची किंवा दोन प्लेट बसवायच्या. पण मेहजबीनच्या गाडीत तेवढी जागा नव्हती. दुसरा मार्ग म्हणजे प्लेटवर नेहमीच्या लायनिंगऐवजी, म्हणजे घर्षणाच्या थराऐवजी, सिरॅमिकची बटणं घ्यायची. ती करकचून चावतात, आणि स्प्रिंग मूळचीच ठेवल्यामुळे पेडल हलकं राहतं. तिसरा मार्ग म्हणजे लायनिंग नेहमीचंच ठेवायचं आणि प्रेशर प्लेट अधिक ताकदीची घ्यायची. मग पेडल जड होतं.

“सिरॅमिक,” काका म्हणाले. “स्प्रिंग मूळचीच. प्रश्न मिटला.”

“नको. नेहमीचं लायनिंग आणि जड प्रेशर प्लेट.”

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “अगं, ते पेडल दगडासारखं होईल. रोज हिंजवडीला जातेस तू. आणि तुझा तो पाय...” पुढचं त्यांनी बोलायचं टाळलं.

“बोला ना. पायाचं काय?”

“हलकं पेडल तुझ्यासाठीच सुचवतोय मी.”

“हलकं कुणी मागितलं?” मेहजबीन उठून उभी राहिली. “काका, तुम्ही क्लच सोडता कसा? टाच खाली टेकता आणि घोट्यातून पंजा अलगद वर घेता. बरोबर? माझा घोटा हलत नाही. माझा पाय अख्खा येतो, कंबरेपासून, फळीसारखा. त्यात जोर तुमच्यापेक्षा जास्त असेल. नाही तो बारकावा. सिरॅमिकची प्लेट एक तर धरते, नाही तर सोडते. मधलं काही ठेवतच नाही. मला ते मधलंच पाहिजे. जितका वेळ हळूहळू धरेल तितकं चांगलं. पेडल कितीही जड असू दे.”

“लायनिंग तापलं की हात वर करेल,” काका म्हणाले. “शर्यतीच्या सुरुवातीला लोक क्लच भाजून काढतात.”

“मी नाही भाजणार.”

“सगळे असंच म्हणतात.”

“सगळ्यांनी बटणं लावली आहेत. त्यांना भाजायची मुभा आहे. मला नाही, हे मला ठाऊक आहे.”

काकांनी हात झटकले. “बरं. तुझी गाडी, तुझा पाय.”

प्लेट वडिलांच्याच दुकानातून यायची होती. मेहजबीनने रात्री जेवताना सांगितलं. काय हवं आणि का हवं, दोन्ही. कासिमभाईंनी ताटातली भाकरी मोडता मोडता मान डोलावली. “पाठवतो,” एवढंच म्हणाले. तिच्या आईने, नूरबानूने, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा डाळ वाढू लागली.

आठवडाभराने काकांचा फोन आला, गाडी तयार आहे. मेहजबीन गेली तेव्हा काका दुसऱ्या एका गाडीखाली होते आणि तिथूनच बोलले, “किल्ली लावलेली आहे. घेऊन जा.” एरवी ते गाडी सोपवताना शेजारी बसून एक फेरी मारायचेच. तिला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण रविवार होता, काम बरंच साचलेलं दिसत होतं. गल्लीतून गाडी काढताना एक गचका बसला आणि पेडल तिला अपेक्षेपेक्षा मऊ लागलं. नवीन आहे, बसेल, असं तिने मनाशी म्हटलं. पुढे रविवारच्या मोकळ्या रस्त्यांवर फारसं थांबावंच लागलं नाही.

सोमवारी सकाळी वाकडच्या पुलावर गाडीचं बिंग फुटलं. हिंजवडीकडे निघालेली रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. समोर कंपनीची बस, बाजूला दुचाक्या, पुलाचा चढ. रांग हलली, मेहजबीनने पाय उचलायला घेतला, आणि गाडी गचका देऊन पुढे उसळली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. पुन्हा गचका. तिसऱ्यांदा पाय जराच जास्त वर आला आणि गाडीने अशी झेप घेतली की बसच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर तिला ब्रेक सापडला. मागे हॉर्नांचा गलका उठला. एक मोटारसायकलवाला खिडकीशी वाकून गेला. “मॅडम, ऑटोमॅटिक घ्या ना!”

गेली इतकी वर्षं ती याच पुलावरून, याच रांगेतून, याच पायाने गेली होती. एकदाही असं झालं नव्हतं. तिने क्लच पुन्हा दाबला, या खेपेस नीट लक्ष देऊन. पेडल अगदी जुन्या पेडलइतकंच हलकं होतं. जड प्रेशर प्लेट असती तर असं लागलंच नसतं. मग तिला कळलं. आधी कानशिलं तापली, आणि मग डोकं एकदम थंड झालं.

ऑफिसात फोन करून तिने सांगितलं की आज येत नाही. पूल संपताच गाडी वळवली. ओढून न्यायला गाडी मागवता आली असती, पण ते तिच्या मनातही आलं नाही. गचके खात, बंद पडत, पुन्हा सुरू करत, लोकांचे शब्द ऐकत ती वाकडहून धायरीपर्यंत गाडी स्वतः घेऊन आली.

आपटेकाका चहा पीत होते. तिला पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

“सिरॅमिक आहे ना आत?” मेहजबीनने विचारलं.

“हो.”

“मी काय सांगितलं होतं?”

“कासिमभाईंचा फोन आला होता.” काकांनी नजर चुकवली नाही, हे त्यांचं मोठेपण. “म्हणाले, पोरीचा पाय दुखेल, तिला सांगू नका, कळणार नाही तिला. मलाही वाटलं, बाप आहे, त्याला जास्त कळत असेल.”

“बापाला बोलवा.”

“मी?”

“तुम्हीच. मला आता फोनवर बोलता येणार नाही.”

कासिमभाई स्कूटरवरून आले. पांढरा कुडता, दुकानाची टोपी तशीच डोक्यावर. मुलीला धडधाकट उभी पाहून त्यांनी आधी सुटकेचा श्वास सोडला. तो पाहून मेहजबीनला आणखी संताप आला.

“अब्बा, तुम्ही प्लेट बदललीत.”

“बेटा, मी चाळीस वर्षं क्लच विकतोय. जड पेडल मारून ट्रकवाल्यांचे गुडघे जातात, मी पाहिलेत. तुझा पाय आधीच...”

“आधीच काय?”

कासिमभाईंनी नजर गाडीकडे वळवली.

“आज वाकडच्या पुलावर मी बसखाली गेले असते,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण गॅरेजच्या दारातलं गिऱ्हाईक थबकून उभं राहिलं. “माझ्या पायामुळे नाही, अब्बा. तुमच्या काळजीमुळे. तुम्हाला वाटलं माझ्या पायात जोर नाही. जोर आहे. तुम्ही ज्याला दुखरा पाय म्हणता, त्याच्या मांडीत बाकीच्यांच्या दोन पायांचा जोर आहे, कारण तीस वर्षं सगळं काम ती एकटी करतेय. मला काय जमतं आणि काय जमत नाही, हे मी तुम्हाला जेवताना सांगितलं होतं. तुम्ही भाकरी मोडत होतात.”

“मी ऐकलं होतं.”

“ऐकून बदललंत? मग ते न ऐकण्यापेक्षा वाईट.”

कासिमभाईंनी टोपी काढून हातात घेतली. आपटेकाका मध्ये पडायला गेले, “अगं, त्यांचा हेतू...”

“हेतू सगळ्यांचाच चांगला असतो, काका. लहानपणापासून चांगल्या हेतूंनी मला सहलीला नेलं नाही, स्टेजवर चढवलं नाही, लॅबमध्ये खुर्ची दिली आणि प्रयोग दुसऱ्याने केला. मला चांगला हेतू नकोय. मला मी मागितलेली प्लेट हवीय. काढा हे.”

“आत्ता?”

“आत्ता. मी धरू लागते.”

ऑफिसच्या कपड्यांवर तिने काकांचा एक जुना शर्ट चढवला, बाह्या दुमडल्या. गाडी वर घेतली. गिअरबॉक्स उतरवताना एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला ती. बटणांची प्लेट बाहेर आली तेव्हा नवीकोरी चकाकत होती. वाईट वस्तू नव्हती ती, फक्त तिची नव्हती. कासिमभाई कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळं उघडं करून दोघं हात पुसत होते तेव्हा स्कूटर पुन्हा दारात थांबली. त्यांच्या पायांशी मोठं खोकं होतं.

“जड प्रेशर प्लेट,” त्यांनी खोकं पुढे केलं. “आणि लायनिंगवाली प्लेट. हीच म्हणाली होतीस ना?”

मेहजबीनने खोक्यावरचा नंबर वाचला. “हीच.”

ती त्यांना थँक्यू म्हणाली नाही, आणि त्यांनीही त्याची वाट पाहिली नाही. पण ते गेले नाहीत. स्टुलावर बसून राहिले, मागितला तो पाना हातात देत राहिले. संध्याकाळी गाडी खाली आली तेव्हा काका म्हणाले, “कासिमभाई, तुम्हीच बघा आधी. तुमचा माल आहे.”

कासिमभाई चालकाच्या जागी बसले. डाव्या पायाने क्लच दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. त्यांनी पाठ टेकून पुन्हा जोर केला, कपाळावर शीर उमटली. पेडल तळाला टेकलं खरं, पण त्यांचा पाय थरथरू लागला होता.

“या अल्ला,” ते म्हणाले, “हे माणसाचं काम नाही.”

मेहजबीनने त्यांना उतरवलं, स्वतः बसली. तिने पाय उचलून पेडलवर ठेवला आणि कंबरेतून दाबला. पेडल सरळ तळाला गेलं. ती तशीच बसून राहिली, पेडल दाबून, दोघांकडे पाहत, काका म्हणाले “पुरे, कळलं” तोपर्यंत. मग पाय हळूहळू वर घेतला. गाडी रांगणाऱ्या पोरासारखी गॅरेजमधून बाहेर सरकली. एकही गचका नाही.

नवी प्लेट नीट बसायला आधी सौम्यपणे, सारखं थांबत आणि निघत चालवावी लागते. त्यासाठी शहरात मंडईसारखी जागा नाही. मेहजबीन रोज ऑफिसातून येताना मुद्दाम त्या बाजूने यायची. हातगाड्या, रिक्षा, मेथीच्या जुड्या घेऊन मधोमध उभ्या असलेल्या बायका, मागे न बघता रिव्हर्स घेणारे टेम्पो. हाफ क्लचवर दोन हात पुढे, थांब, पुन्हा दोन हात पुढे. पहिल्या चार दिवसांत तिची मांडी इतकी भरून आली की रात्री नूरबानू न बोलता गरम पाण्याची पिशवी आणून ठेवायची. “दुखतंय का?” असं तिने एकदाही विचारलं नाही. आठवड्याने दुखणं थांबलं. प्लेट बसली, आणि मांडीही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी खाणीच्या पायथ्याशी वीसेक गाड्या उभ्या होत्या. क्लबचा अध्यक्ष दिग्विजय स्वतःही शर्यतीत उतरणारा, पंचेचाळिशीचा, उंचापुरा, सगळ्यांशी हसून बोलणारा. आपटेकाका मेकॅनिक म्हणून आले होते आणि कासिमभाई आपणहून. मेहजबीन हेल्मेट घ्यायला टेबलाकडे चालत गेली तेव्हा दिग्विजयची नजर तिच्या पायाकडे गेली. तिला त्या नजरेची सवय होती. पुढे काय येणार याचीही.

“मॅडम, गाडी ऑटोमॅटिक आहे ना?”

“नाही.”

“अच्छा.” त्याने घसा खाकरला. “प्लीज गैरसमज करून घेऊ नका. सेफ्टीचा प्रश्न आहे म्हणून विचारतो. आपण एक छोटीशी टेस्ट करू या का? त्या चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक न वापरता, आणि मागे न जाऊ देता वर काढायची. मागच्या चाकामागे वीट ठेवतो आम्ही. पाचच मिनिटं.”

“नियमात आहे ही टेस्ट?”

“नियमात नाही. पण जबाबदारी माझी आहे.”

“माझं लायसन्स साधं आहे, इतरांसारखंच. गाडीची तपासणी झाली, ती पास झाली.” मेहजबीनने हेल्मेट काखेत धरलं. “टेस्ट द्यायला माझी ना नाही. सगळ्यांनी दिली की मी देते.”

“सगळ्यांनी म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांनी. तुम्हीसुद्धा.”

आजूबाजूचे चालक गोळा झाले. कुणी हसलं, कुणी म्हणालं उशीर होईल. दिग्विजय म्हणाला, “मॅडम, उगीच इश्यू करू नका.”

“मी कुठे केला? मी हेल्मेट घ्यायला आले होते.”

तेव्हा मागून आपटेकाकांचा आवाज आला. “अहो, तिचं बरोबर आहे. जबाबदारी सगळ्यांचीच आहे ना तुमच्यावर? मग दोन धड पायवाल्यांचीही परीक्षा घ्या. पास झाले तर तुमचीच अब्रू वाढेल.”

आता माघार घेणं दिग्विजयला अवघड झालं. त्याने मान हलवली आणि वीट मागवली.

पुढचा तास खाणीच्या पायथ्याशी जत्रा भरल्यासारखा गेला. शर्यतीच्या क्लचना उसळून सुटायची सवय, हळूहळू निघायची नाही. काही गाड्या झोकात निघाल्या. एकीने विटेचा चुरा केला. एक तरुण तीनदा बंद पडला आणि चौथ्यांदा एवढ्या धुरात निघाला की प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. खुद्द दिग्विजयची गाडी चार बोटं मागे येऊन विटेला टेकली. तो उतरला तेव्हा कान लाल झाले होते, पण हसत होता. मेहजबीनचा नंबर आला. तिने गाडी चढावर उभी केली, क्लच त्या जागेपर्यंत आणला जिथे गाडी नुसती अंग चोरून उभी राहते, उजवा पाय ब्रेकवरून उचलला आणि निघाली. वीट होती तिथेच राहिली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पाहण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिला तेच हवं होतं.

मग खरी शर्यत, एकेक गाडी सोडून वेळ मोजायची, अशा दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत तिची सुरुवात इतरांइतकी झणझणीत झाली नाही. लायनिंग भाजायचं नव्हतं. पण पहिलं वळण ओलांडून तिने अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेला तेव्हा इंजिन ओरडलं आणि गाडी त्या ओरडण्याच्या बरोबरीने सुटली. पाठ सीटमध्ये रुतली. कात्रजच्या घाटात जे निसटलं होतं ते सगळं आता चाकांपर्यंत पोचत होतं. तिच्या तोंडून नकळत शिवी निघाली, आनंदाची. त्याच आनंदात वरच्या वळणावर तिने ब्रेक उशिरा लावला, गाडी बाहेर गेली, चाक मुरमात घासलं आणि चांगले काही सेकंद गेले. पहिल्या फेरीअखेर ती चौदावी होती.

खाली आली तर दिग्विजय माईक घेऊन उभा. तो मनापासून भारावला होता. “मित्रांनो, आज आपल्यात एक अशी स्पर्धक आहे, जिने शारीरिक अडचणीवर मात करून... क्लबतर्फे मी त्यांच्यासाठी एक खास जिद्द पुरस्कार जाहीर करतो!” टाळ्यांचा कडकडाट झाला. या सकाळच्या पहिल्या टाळ्या, तिच्यासाठीच्या. कुणीतरी तिला पुढे ढकललं. माईक तिच्या हातात आला.

समोर गर्दीत कासिमभाई दिसत होते, टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच थांबलेले.

“मी चौदावी आहे,” ती म्हणाली. “वरच्या वळणावर चुकले, म्हणून चौदावी आहे. पायामुळे नाही. तेरा लोक माझ्या पुढे आहेत, टाळ्या त्यांना द्या. खास पुरस्कार मला नको. पहिल्या तिघांत आले तर जे असेल ते घेईन, नाही आले तर घरी जाईन. दुसरी फेरी कधी आहे?”

दिग्विजयने माईक परत घेतला. “पंधरा मिनिटांत,” एवढंच म्हणाला.

“फार उद्धट आहेत,” मागे कुणीतरी कुजबुजलं.

“आहेच,” आपटेकाका त्या दिशेला न बघता म्हणाले.

गाडीजवळ आल्यावर काकांनी नाक खाली नेऊन हुंगलं. “थोडा वास आहे. बॉनेट उघडी ठेव. आणि निघताना घाई करू नकोस.”

“नाही करत.”

दुसऱ्या फेरीत तिने घाई केली नाही. सुरुवात मवाळ, मधला चढ पूर्ण ताकदीने, आणि वरच्या वळणावर ब्रेक वेळेत. मुरूम तिथेच राहिला, ती आतून निघाली. शिखरावर पोचली तेव्हा डावी मांडी दगडासारखी आवळून आली होती, आणि तिला आणखी एकदा जायचं होतं. पण फेऱ्या दोनच होत्या.

निकाल फळ्यावर खडूने लिहिला होता. मेहजबीन कासिम शेख, नववी. पहिल्या तिघांत नाही, ट्रॉफी नाही. दिग्विजय पाचवा होता, तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, “वरचं वळण चांगलं काढलंत.”

“पुढच्या वर्षी पाचवी येते मी,” ती म्हणाली. “तुमची जागा बघून ठेवा.”

या खेपेस तो खरोखर हसला.

कासिमभाई फळ्यासमोर उभे होते, मोबाइल काढून फोटो घ्यायच्या तयारीत. मेहजबीन शेजारी येऊन थांबली. तिच्या नावापुढे कुणीतरी, कौतुकानेच, एक मोठा तारा काढला होता. बाकी कुणाच्याही नावापुढे तो नव्हता.

“थांबा, अब्बा,” ती म्हणाली.

तिने अंगठ्याने तारा पुसला, नीट, पांढरट डागही राहणार नाही असा. मग बाजूला सरली.

“आता काढा.”